त्रुटिमीमांसा

घर बांधण्याच्या शास्त्रावर मराठीत पुस्तकांची वाण नाही. सिमेंटचे प्रमाण किती, वाळू कशी चाळावी, ईशान्येला काय असावे आणि नैऋत्येला काय नसावे, सगळे छापून आलेले आहे. पण पहिली वीट लागण्याआधी घर कागदावर उभे राहते, तिथे ते एकदोनदा पडते, डागडुजी होऊन पुन्हा उभे राहते आणि मगच जमिनीवर येते. या पहिल्या, कागदी घराविषयी शास्त्रकारांनी मौन पाळले आहे. ज्याने बांधकाम परवान्यासाठी कधी अर्ज केला असेल त्याला या मौनाचे कारण सहज कळेल: ग्रंथ लिहिण्याची शक्ती फायलीतच खर्ची पडते. प्रस्तुत निबंध ही उणीव अंशतः भरून काढतो. अंशतः अशासाठी, की यात परवान्याचा नव्हे, त्याला लागणाऱ्या त्रुटीचाच फक्त विचार केला आहे.

ग्रंथारंभी चार गोष्टी सांगण्याची आपल्याकडे परंपरा आहे. विषय: त्रुटी. प्रयोजन: तिची पूर्तता. संबंध: अर्जदार आणि टेबल यांचा, बहुधा ताणलेला. अधिकारी कोण हे सांगण्याची गरज नाही. त्यांच्या नावाची पाटी दारावर असते आणि ते साइटवर गेलेले असतात. ‘चहापाणी’ हा विषय मुद्दाम बाहेर ठेवला आहे. त्या शास्त्राची परंपरा मौखिक असून त्यातल्या जाणकारांना लेखी काही आवडत नाही.

त्रुटी हे अर्वाचीन काळाचे अपत्य आहे, हे आधी दाखवले पाहिजे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात, घर आणि शेजार यांचे नियम आहेत. दोन घरांच्या वळचणींत चार अंगुळे अंतर असावे किंवा एकीवर दुसरी चढवावी, उजेडासाठी लहानशी खिडकी उंचावर ठेवावी, सांडपाणी शेजाऱ्याच्या भिंतीला लागू देऊ नये, अशी ती शिस्त. नियम मोडला तर दंड आहे. बाळंतिणीच्या सोयीसाठी दहा दिवसांपुरत्या केलेल्या खड्ड्याला मात्र सूट दिली आहे. अकराव्या दिवशी तो खड्डा अनधिकृत होतो का, आणि पंचनामा करायला बारशाच्या आधी जावे की नंतर, याचा निर्णय ग्रंथात नाही. घरमालकांनी आपसांत ठरवून हवे तसे बांधावे, फक्त उपद्रव टाळावा, अशीही एक मुभा कौटिल्य देतो. यावरून त्या काळी शेजारी एकमेकांशी बोलत असत असे अनुमान निघते. पण मुद्दा वेगळाच आहे. कौटिल्य बांधून झाल्यावर दंड करतो. बांधण्याआधी नकाशाच्या प्रती मागत नाही. म्हणून त्याला गुन्हा माहीत आहे, त्रुटी माहीत नाही.

पुढची कित्येक शतके वगळून एकदम मुंबईत येऊ. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये तिथे शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. चाळींतल्या अंधाराला कोनमापकाने भिडण्याचा पहिला मान त्याच्याकडे जातो. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून खोलीच्या तळापर्यंत रेषा ओढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करणारी नसावी, असा त्याचा नियम होता. साडेत्रेसष्टच का? त्रिकोणमितीचे कोष्टक उघडले की दिसते, या कोनाचा स्पर्शक जवळजवळ बरोबर दोन आहे. म्हणजे उंचीच्या निम्मे मोकळे अंगण सोडा, एवढेच सांगायचे होते. पण ‘निम्मे अंगण सोडा’ असे सांगितले असते तर कोणीही ऐकून घेऊन घरी गेला असता. अर्ध्या अंशाने नियमाला वजन आले आणि तो समजावून सांगण्यासाठी माणूस नेमण्याची सोय झाली.

त्याच मुंबईच्या १८८८च्या महापालिका अधिनियमातले ३४६वे कलम या शास्त्राचे वेदवाक्य मानावे लागेल. त्याखाली पालिका कारणे दाखवून नापसंती कळवते. ती कारणे म्हणजे अटींची यादी. त्या अटी पुऱ्या केल्या की काम सुरू करण्याचा दाखला मिळतो. या नापसंतीपत्राला सगळी मुंबई ‘आयओडी’ म्हणते. आयओडी हाती आली की विकासक पेढे वाटतो. नकार मिळाल्यावर पेढे वाटणारा दुसरा व्यवसाय निदान माझ्या पाहण्यात नाही. कायद्याने इथे स्वच्छपणे मान्य केले आहे, की परवानगी म्हणून वेगळी वस्तू नसतेच. त्रुटींची यादी असते, आणि ती संपली की मागे जे उरते त्याला परवानगी म्हणायचे.

मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात त्रुटीचे खरे सामर्थ्य काळाच्या संदर्भात दिसते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या ४४व्या कलमाखाली अर्ज करायचा आणि ४५व्या कलमाखाली उत्तराची वाट पाहायची. साठ दिवसांत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाईल, असे हे कलम म्हणते. ही ‘मानीव परवानगी’. वाचून अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी येते. परंतु कलम पुढेही वाचावे. प्रस्ताव नियमांना तंतोतंत धरून असला पाहिजे, ही पहिली अट. आणि तो तसा आहे की नाही हे जे टेबल ठरवते तेच गप्प बसलेले आहे. शिवाय साठ दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजायचे, किंवा कार्यालयाने काही मागितले असेल तर अर्जदाराचे उत्तर पोचल्यापासून. दोन्हींत जे नंतरचे असेल ते धरायचे.

इथे थांबून श्वास घ्यावा, कारण आपण गाभ्यात आलो आहोत. भारतीय तत्त्वज्ञानात काळ सर्वांना गिळतो. काळाला रोखणारे काही सांगितलेले नाही. अधिनियमात ते आहे. एकोणसाठाव्या दिवशी ‘झोन दाखल्याची सुवाच्य प्रत जोडावी’ एवढे एक वाक्य आवक-जावकात चढले, की साठ दिवस जागच्या जागी विरघळतात आणि काळ पुन्हा शून्यापासून चालू लागतो. यासाठी त्रुटी मोठी असावी लागत नाही, तारखेची असावी लागते. या कलमाच्या बळावर, हातात काही कागद नसताना, निव्वळ मौनाच्या आधाराने कोणी पाया खणला आहे का, याची चौकशी मी केली. कायदा तोंडपाठ असलेले भेटले, खणलेले कोणी भेटले नाही. मौनाची झेरॉक्स निघत नाही आणि गृहकर्ज देणारी बँक झेरॉक्स मागते.

आता प्रकार. वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले आणि नैयायिकांनी त्याचे चार भेद केले, हे तर्कसंग्रह वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. हे भेद केले तेव्हा त्यांच्यासमोर घट आणि पट होते, असे भाष्यकार सांगतात. मला ते पटत नाही. त्यांच्यासमोर फाइल असली पाहिजे.

जो दाखला अजून निघालेलाच नाही त्याचा प्रागभाव. मोजणीचा अर्ज भरलेला आहे, भूमापक यायचे आहेत, ते येतील, हद्दीच्या खुणा दाखवतील, ‘क’ प्रत मिळेल. तोपर्यंत ती नाही. हा अभाव सौम्य असतो, कारण त्याला अंत आहे. दुसरा प्रध्वंसाभाव: कागद होता, जोडला होता, पोचही आहे, पण फाइल या मजल्यावरून त्या मजल्यावर गेली तेव्हा तो गळला. याला अंत नाही, कारण नष्ट झालेली वस्तू तीच परत येत नाही. नवी आणावी लागते, आणि नवी आणताना तिच्यावर नवी तारीख येते, जी मग इतर कागदांच्या तारखांशी जुळत नाही. तिसरा अन्योन्याभाव, म्हणजे हे ते नव्हे. ‘हा तुम्ही झोन दाखला आणलाय. आम्हाला भाग नकाशा पाहिजे.’ घट हा पट नव्हे, एवढेच कारकून सांगतो आहे, पण नैयायिकाच्या तोंडी ते भारदस्त वाटते. चौथा अत्यंताभाव हा सर्वांत भयंकर. असा दाखला त्रिकाळी कुठलेही कार्यालय देत नाही. ‘या जागेवर भविष्यात कोणताही वाद होणार नाही’ असे कुणाकडून तरी लिहून आणायला सांगितलेला एक अर्जदार मला भेटला होता. त्याने ते शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर स्वतःच लिहून दिले आणि ते चालले. अत्यंताभाव प्रतिज्ञापत्राने भरून निघतो, ही न्यायशास्त्रात महाराष्ट्राने घातलेली भर आहे.

सगळ्या अभावांची खाण म्हणजे सातबारा. गाव नमुना सात हा हक्काचा आणि बारा हा पिकांचा. त्यात हक्काच्या बाजूला ‘इतर अधिकार’ नावाची जागा आहे आणि तिथे मृतांचे राज्य आहे. आजोबांनी विहिरीवर इंजिन बसवायला सोसायटीचे कर्ज काढले होते. इंजिन भंगारात गेले, आजोबा गेले, कर्ज फिटले. बोजा तेवढा राहिला. तो कमी करायला फेरफार लागतो, फेरफाराला सोसायटीचा दाखला, आणि दाखल्याला सोसायटीचे सचिव, जे लग्नाला गेलेले असतात. मग क्षेत्रफळ. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, एकूण १०८९ चौरस फूट, आणि मेट्रिकमध्ये १०१.१७ चौरस मीटर. हा दशांशचिन्हामागचा सतरा म्हणजे काही भावकींच्या वैराचे आयुष्य आहे. सातबारा एक आकडा सांगतो, मोजणी दुसरा आणि कुंपण तिसरा. यांत जो सर्वांत कमी तो धरतात. जास्त धरल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

नकाशावरच्या त्रुटी त्या मानाने रसिक असतात. पाडायचे बांधकाम पिवळ्या रेघांनी, नवे काम लाल रंगाने, सांडपाण्याची वाहिनी तुटक लाल, अशी तिथे रंगांची भाषा आहे. ज्या माणसाने आयुष्यात लग्नपत्रिकेचा रंगदेखील निवडलेला नाही तो ‘आमचं घर लाल का दाखवलंय?’ म्हणून ड्राफ्ट्समनशी भांडतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहण्याची एकच खोली असेल तर ती साडेनऊ चौरस मीटरहून लहान नसावी, तिची रुंदी २.४ मीटरच्या आत नसावी, उंची किमान २.७५ मीटर हवी. न्हाणीघराचे माप आहे, शौचकूपाचे आहे, जिन्याच्या पायरीचे आहे. देवघराचे मात्र नाही. त्यामुळे तेहतीस कोटी देव नकाशावर ‘स्टोअर’ या नावाने नांदतात. तुळशीवृंदावन सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, येते. ते बांधकाम धरायचे की झाड, यावर दोन मते आहेत. शहाणा ड्राफ्ट्समन ते दाखवतच नाही. गृहिणी वास्तुशांतीच्या दिवशी ते आणून ठेवते आणि तपासणीला येणारे साहेब बूट काढून त्याला वळसा घालतात.

वास्तुतज्ज्ञांच्या त्रुटींचा उल्लेख टाळता येत नाही, पण त्यावर फार शाई घालवणार नाही. पालिकेने मंजूर केलेले शौचालय ते ईशान्येतून उठवतात आणि त्यांनी बसवलेले पालिका सामासिक अंतरातून उठवते. पालिकेच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते.

आता या निबंधाचा मुख्य सिद्धान्त. आमच्या तालुक्याच्या गावात, स्टॅम्प व्हेंडरच्या शेजारी टेबल टाकून बसणारे एक ड्राफ्ट्समन आहेत. त्यांच्या फायली इतरांच्या आधी सुटतात, असा लौकिक आहे. त्यांचे नकाशे मी बारकाईने पाहिले आणि प्रत्येकात एकच उणीव आढळली: उत्तर दिशेचा बाण नाही. हा हलगर्जीपणा असावा, असा पूर्वपक्ष कोणी मांडील. तो टिकत नाही. त्यांच्या संगणकातल्या कोऱ्या चौकटीत बाण असतो. दाखल करण्याच्या दिवशी ते तो पुसतात. पुसणे हे बुद्धिपूर्वक कर्म आहे. कारण विचारले तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, “साहेब, त्यांना काढायला काहीतरी ठेवावं लागतं. नाहीतर ते शोधत बसतात. आणि शोधलं की सापडतं.”

तान्ह्या मुलाच्या गालाला तीट लावतात ती याच न्यायाने. नजर कुठेतरी लागणारच असेल तर ती जागा आपण ठरवलेली बरी.

मात्र तीट कुठली लावायची, हे शिकायला वर्षे जातात. ती पहिल्या पाहणीतच दिसली पाहिजे. इतकी बारीक नको, की साहेब तिच्यावरून पुढे निघून जातील. तिच्या पूर्ततेसाठी दुसऱ्या कार्यालयाची पायरी चढावी लागता कामा नये. सर्वांत महत्त्वाचे, तिला दुसरे टोक नसावे. एका उत्साही नवशिक्याने पाहून पाहून पायरीची उंची मुद्दाम चुकवली. साहेबांनी पायरी धरली, पायरीवरून जिना ओढला, जिन्यावरून मजल्याची उंची, उंचीवरून एफएसआय, आणि शेवटी आख्खा वरचा मजला उसवून हातात दिला. उत्तरेच्या बाणाला असे दुसरे टोक नाही. उत्तर आहे तिथेच असते, बाण काढला की विषय संपतो.

या सिद्धान्तावर एक आक्षेप येतो, की तो टेबलापलीकडच्या माणसाला क्षुल्लक ठरवतो. आक्षेप गंभीर आहे आणि मी तो मान्य करतो. पलीकडून पाहिले तर चित्र निराळे दिसते. कनिष्ठ अभियंत्याच्या पुढ्यात फाइल येते. तो टिपणी लिहून वर पाठवतो. वरचे पाहतात ती टिपणी. ‘प्रस्ताव परिपूर्ण आहे’ एवढेच लिहिले, तर वर प्रश्न पडतो, की याने फाइल उघडली तरी का? आणि उघडली नसेल तर का नाही उघडली? एक त्रुटी आणि तिची पूर्तता, एवढे असले की फायलीवर माणसाचा हात फिरल्याची खूण राहते. शिवाय सही करणारा निवृत्त होतो, सही होत नाही. वीस वर्षांनी एखादी गॅलरी कोसळली, तर पहिल्यांदा फाइल बाहेर निघते आणि तिच्या तळाशी त्याचे नाव असते. त्या दिवसासाठी तो आजच स्वतःचा जबाब लिहून ठेवतो आहे. आपल्याला तो त्रुटी म्हणून दिसतो. यामुळे हेलपाटे कमी होत नाहीत, पण हेलपाटा घालताना मनात येणारे शब्द जरा सौम्य होतात.

जोते तपासणी, वर्षभराची मुदत आणि पुढे मिळून तीन वर्षांपर्यंतची मुदतवाढ, एक टक्का कामगार उपकर, भोगवटा प्रमाणपत्र, या पुढच्या पायऱ्यांवरही त्रुटी भेटत राहते. नवे काही शिकवत नाही. भोगवट्यावाचून भोग घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे एवढेच नोंदवतो. आधी घर आणि मग परवानगी असा उलटा प्रवास करणाऱ्यांसाठी २००१चा गुंठेवारी अधिनियम आहे. त्याची कालरेषा पुढे ३१ डिसेंबर २०२०पर्यंत आणली गेली.

२०२० हे वर्ष त्रुटीच्या इतिहासात आणखी एका कारणाने महत्त्वाचे. २ डिसेंबरला एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली, आणि मुंबईसारखी काही क्षेत्रे सोडून राज्यभर एकच मापे आली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर तर वास्तुविशारदाने प्रमाणित केलेले कागद दाखल करायचे, शुल्क भरायचे आणि कामाला लागायचे. साहेबांची त्रुटी तिथे संपली आणि वास्तुविशारदाच्या जिवाला लागली. सहीच्या आधी तोच आता रात्री उठून मापे ताडून पाहतो. मोठ्या भूखंडांचे नकाशे संगणक तपासू लागला. यंत्राला तीट कळत नाही. ते बाणाशी थांबत नाही. भिंत चुकून झाडांच्या लेयरमध्ये काढली असेल, तर वडाच्या झाडाला प्लास्टर केल्याचा अहवाल देते, तोही मध्यरात्री, लाल अक्षरांत, सगळ्या त्रुटी एकदम. ड्राफ्ट्समन काही दिवस खचले होते. मग त्यांच्या लक्षात आले, की यंत्राच्या पलीकडे अजून माणूस बसलेला आहे.

सिद्धान्ताची कसोटी अलीकडेच पाहायला मिळाली. एका अर्जदाराच्या सातबाऱ्यावर त्याच्या चुलत्याचेही नाव होते. चुलते न्यू जर्सीला असतात. संमती हवी, म्हणून अमेरिकेतल्या भारतीय वकिलातीत जाऊन त्यांनी कुलमुखत्यारपत्र साक्षांकित केले, ते टपालाने आले, इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घेतला. सगळे रीतसर. फाइल दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी ड्राफ्ट्समननी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पासपोर्टवर नाव होते बाळकृष्ण. सातबाऱ्यावर, ज्या तलाठ्याने त्यांना चड्डीत पाहिले होते त्याच्या अक्षरात, होते ‘बाळू’.

अर्जदार घामाघूम झाला. “आता? परत अमेरिका?”

“कशाला? एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र तुम्ही इथंच करायचं. शेजारीच स्टॅम्प मिळतो. करून खिशात ठेवा, लगेच लावू नका.”

“लावू नका?”

ड्राफ्ट्समन संगणकाकडे वळले, नकाशा उघडला आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण बसवून टाकला. “याची आता गरज नाही,” ते म्हणाले. “या फायलीला बाळूकाका पुरेसे आहेत.”